पाच सेंटिमीटरची तालीम

लोहार चाळीत विजेचे सामान विकणाऱ्या दुकानांत वायरींची भेंडोळी, स्विचबोर्ड आणि फ्यूज यांच्या सोबतीने एक जुनी वस्तू अजून मिळते. तिचे नाव शॉक ट्रीटमेंट चार्ट. विजेच्या धक्क्याने बेशुद्ध पडलेल्या माणसाला कसे वाचवावे हे चित्रांनी सांगणारा, काचेच्या चौकटीत बसवलेला तक्ता. जुन्या छापाच्या तक्त्यात एक माणूस पालथा पडलेला असतो. दुसरा त्याच्याजवळ गुडघे टेकून, दोन्ही तळवे त्याच्या बरगड्यांच्या खालच्या बाजूला ठेवून पुढे झुकलेला. पुढच्या चित्रात माणूस उताणा आहे आणि वाचवणारा त्याचे दोन्ही हात डोक्याच्या दिशेने ओढतो आहे. शेवटी तोंडाला तोंड लावून श्वास देण्याचे चित्र. खाली सूचना, आणि डॉक्टरचा नंबर लिहायला सोडलेली रिकामी ओळ.

हा तक्ता भिंतीवर आला तो कायद्याने. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांमधल्या ४४ व्या नियमाने वीजनिर्मिती केंद्रे, उपकेंद्रे आणि वीज वापरणारे कारखाने यांच्या मालकांना अशा सूचना स्थानिक भाषेतही, ठळक जागी लावणे बंधनकारक केले. लालबाग, परळ, शिवडीच्या गिरण्यांनाही तो नियम लागू होता. त्याच नियमात आणखी एक अट होती आणि ती फार शहाणपणाची होती. नेमलेल्या कामगारांना या सूचना माहीत असाव्यात आणि प्रसंगी त्या अमलात आणण्याइतके ते तयार असावेत, याची जबाबदारीही मालकाचीच. तक्ता टांगला की पहिली अट पुरी होई. निरीक्षकाला ती डोळ्यांनी दिसे. दुसरी अट पुरी झाली की नाही, हे पाहायचे कसे? कामगाराचे हात बरोबर जागी पडतात का, पुरेसा दाब देतात का, हे मोजायला काहीच नव्हते.

मुंबईतल्या प्रथमोपचाराच्या शिक्षणाचा इतिहास या दोन अटींमधल्या अंतरात मावतो. दाखवणे या शहराला जमले. तपासणे राहून गेले.

तक्त्याच्याही आधीची रीत वेगळी होती. विहिरीतून किंवा तळ्यातून काढलेल्या माणसाला पाय धरून उलटे करायचे, पोट दाबायचे, कुंभाराच्या चाकावर पालथे घालून गरगर फिरवायचे. गावोगावच्या या उपायांमागची समजूत एकच होती, की पोटातले पाणी निघाले की माणूस उठेल. कोकणातून आणि घाटावरून माणसे गिरण्यांत कामाला आली तेव्हा त्यांच्या वळकटीबरोबर ही समजूतही आली. आपल्याकडच्या अडाणीपणाचे हे लक्षण मानायचे कारण नाही. बुडालेल्यांना वाचवण्यासाठी १७६७ साली ॲमस्टरडॅममध्ये जी संस्था स्थापन झाली, तिच्या उपायांत गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणे हाही एक उपाय होता. बुडालेला माणूस पोटातल्या पाण्याने मरत नाही, हवा न मिळाल्याने मरतो. इतकी साधी गोष्ट हातांच्या कृतीत उतरायला जगाला दोनशे वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या पद्धती एकामागून एक निघू लागल्या. लंडनचे डॉक्टर हेन्री सिल्व्हेस्टर यांनी १८५८ मध्ये उताण्या माणसाचे हात वर ओढून पुन्हा छातीवर दाबण्याची पद्धत मांडली. एडिंबरोचे शरीरशास्त्रज्ञ एडवर्ड शेफर यांनी १९०३ मध्ये माणसाला पालथे घालून पाठीवर तालात दाब देण्याची पद्धत सांगितली. डेन्मार्कच्या होल्गर निल्सन यांनी १९३२ मध्ये पाठीवरचा दाब आणि कोपर उचलणे यांचा मेळ घातला. लोहार चाळीतल्या तक्त्यावर ही मंडळी नावानिशी नाहीत, पण चित्रे त्यांचीच आहेत.

मुंबईला या पद्धती सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या वर्गांतून, स्काउटच्या शिबिरांतून, पोलीस आणि रेल्वेच्या प्रशिक्षणातून कळल्या. १९४६ साली मुंबई प्रांतात होमगार्ड उभे राहिले, त्यांच्याही शिक्षणात प्रथमोपचार आला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेला माणूस सांगितला. पाचशेहून जास्त कामगार असले तर रुग्णवाहिका-कक्षही. गिरणगावात पाचशेहून कमी कामगारांची गिरणी शोधावी लागली असती. म्हणजे कागदावर तरी लालबाग-परळ हा देशातला प्रथमोपचार जाणणाऱ्या माणसांचा दाट वस्तीचा भाग असायला हवा होता. गिरण्यांच्या पाळीत काम केलेल्या, प्रमाणपत्र घेतलेल्या त्या माणसांची दखल गिरणगावाच्या इतिहासात फारशी कोणी घेतलेली नाही. संप, युनियन, भजनी मंडळे, तालमी, नाटके या सगळ्यांवर लिहिले गेले. पेटी सांभाळणारा माणूस मात्र राहून गेला, आणि हे खरोखर दुर्दैव आहे.

विजेचा आणि छाती दाबण्याचा संबंध फक्त तक्त्यापुरता नाही. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम धावली आणि पुढच्या काही दशकांत गिरण्या, चाळी, रस्ते विजेने जोडले गेले. तेच जगभर चालले होते, आणि जगभर तारांवर काम करणारे लाइनमन धक्का बसून मरत होते. अमेरिकेतल्या वीज कंपन्यांना याची इतकी चिंता वाटली, की त्यांनी संशोधनासाठी पैसे दिले. ते काम बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोव्हेन यांच्याकडे आले. ते डॉक्टर नव्हते. विद्युत अभियंता होते. थांबलेले हृदय विजेच्या झटक्याने सुरू करण्याचे प्रयोग कुत्र्यांवर चालले असताना त्यांचा सहकारी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आले, की झटका देण्याची जड उपकरणे छातीवर दाबून धरली, की वीज सोडण्याआधीच रक्तदाब थोडा वर जातो. म्हणजे छाती न उघडता, नुसत्या दाबाने रक्त फिरवता येते. शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह या तिघांचा लेख जुलै १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शहरात पीटर साफार यांनी दोन वर्षे आधी दाखवून दिले होते, की पाठ दाबण्यापेक्षा तोंडाने दिलेला श्वास फुप्फुसात कितीतरी चांगला पोहोचतो. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो ते तयार झाले.

शिकवायचे कसे, हा पुढचा प्रश्न. जिवंत माणसाची छाती सरावासाठी दाबता येत नाही, बरगड्या मोडतील. उत्तर नॉर्वेतून आले. स्टाव्हांगर गावचे खेळणी बनवणारे आस्मुंड लार्डाल यांनी एकदा स्वतःच्या दोन वर्षांच्या मुलाला पाण्यातून काढून वाचवले होते. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या करणाऱ्या या माणसाने भूलतज्ज्ञ ब्यॉर्न लिंड आणि साफार यांच्या सांगण्यावरून १९६० मध्ये माणसाएवढी बाहुली केली. साफार यांनी सुचवले, म्हणून तिच्या छातीत स्प्रिंग बसवली. चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी तरुणीचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्याचा. आज जगभर ‘ॲन’ म्हणून ओळखली जाणारी हीच ती. आपल्याकडच्या वर्गांत तिला सरळ ‘डमी’ म्हणतात.

डमी आली आणि शिकणाऱ्याच्या हाताला पहिल्यांदा दाबायला काहीतरी मिळाले. पण स्प्रिंग दाबली की नाही, किती दाबली, हे सांगणारा अजूनही शिक्षकाचा डोळाच होता.

याच दशकात परळचे केईएम रुग्णालय जगाच्या नकाशावर आले. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. पी. के. सेन आणि त्यांच्या चमूने तिथे भारतातले पहिले हृदयारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातले पहिले हृदयारोपण करून तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला, तरी त्या शस्त्रक्रियेने महापालिकेच्या रुग्णालयाची ताकद दिसली. १९२६ मध्ये सुरू झालेले केईएम आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, १९४१ मध्ये उभे राहिलेले टाटा मेमोरियल, वाडिया रुग्णालये ही सगळी परळच्या एकाच पट्ट्यात आहेत. हृदय बदलण्याचे धाडस जिथे झाले, त्याच्या फाटकाबाहेर फूटपाथवर कोसळलेल्या हमालाची छाती दाबायला कोणाचे हात पुढे येतील, हा प्रश्न मात्र पुढची कित्येक दशके कोणी नीट विचारला नाही. आत विद्या, बाहेर गर्दी, आणि मध्ये चार-पाच मिनिटे. हृदय थांबल्यावर मेंदूला इजा व्हायला तेवढीच पुरतात.

आता चौपाटीकडे यायला हवे.

गिरगावची आणि दादरची चौपाटी दिसायला सारख्या, पाण्याने वेगळ्या. गिरगावला किनारा उथळ आहे, उतार मंद आहे, आणि म्हणूनच माणूस निर्धास्तपणे आत आत जात राहतो. दादरला लाटांनी वाळू वर्षानुवर्षे खाल्ली आहे. दोन्हीकडे उधाणाच्या भरतीत पाणी किती वेगाने चढते, हे तिथल्या कोळ्यांना जन्मापासून ठाऊक असते आणि सुट्टीला आलेल्या मुलांना अजिबात नसते. आज गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा आणि गोराई या सहा किनाऱ्यांवर महापालिकेच्या अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली जीवरक्षक असतात. पण गणवेशातला जीवरक्षक ही अलीकडची गोष्ट. त्याआधी वरळी, माहीम, दादरच्या कोळीवाड्यांतली माणसेच उडी घालत. शिवाजी पार्कचा महात्मा गांधी जलतरण तलाव आणि गिरगाव चौपाटीवरचा मफतलाल तलाव यांतून पोहायला शिकलेली पोरेही त्यात असत. माणूस बाहेर काढणे ही या शहराची जुनी, खरीखुरी कमाई आहे.

ही कमाई सरकारने मान्यही केली. जीव वाचवणाऱ्यांना देण्यासाठी जीवन रक्षा पदके १९६१ पासून आहेत. पदक मिळते ते धाडसाला, आणि ते योग्यच आहे. पण पाण्यातून काढल्यावर वाळूवर पुढची दहा मिनिटे काय झाले, याची नोंद कोणत्याही पदकात नसते. खरे तर जीव तिथेच वाचतो किंवा जातो.

विसर्जनाचे दिवस हे या किनाऱ्यांचे परीक्षेचे दिवस. १९३४ साली सुरू झालेला लालबागचा राजा अनंत चतुर्दशीला निघतो आणि दुसऱ्या दिवशी गिरगावला पोहोचतो. महापालिका वाळूत गाड्या रुतू नयेत म्हणून लोखंडी पत्रे टाकते, तराफे, मोटरबोटी, जीवरक्षक, प्रथमोपचार केंद्रे आणि रुग्णवाहिका तैनात करते. तरीही समुद्र आपले काम करतो. २०१३ मध्ये दीड दिवसाच्या विसर्जनाला गिरगावात पाकट माशांच्या काट्यांनी पन्नासहून अधिक भाविक जखमी झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये लालबागच्या राजाच्या विसर्जनावेळी एक बोट उलटली; मच्छीमार आणि जीवरक्षकांनी माणसे बाहेर काढली, पण एका लहान मुलाचा जीव गेला. २०२५ मध्ये भरतीमुळे राजाची मूर्ती तराफ्यावर चढायला तासन्‌तास लागले आणि विसर्जन दुसऱ्या दिवशी रात्री झाले. तेवढा वेळ किनाऱ्यावर गर्दी, पाण्यात कार्यकर्ते, आणि रस्ते माणसांनी भरलेले. अशा रात्री १०८ ची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी पहिली मिनिटे वाळूवरच्या माणसांची असतात.

या मिनिटांत हात नेमके काय करतात, हे जगाला पहिल्यांदा आकड्यांत दिसले ते २००५ मध्ये. नॉर्वेच्या लार्श विक यांच्या चमूने युरोपातल्या रुग्णवाहिकांमध्ये मोजमाप करणारी यंत्रे बसवून रुग्णालयाबाहेरचे खरे सीपीआर नोंदवले. करणारे प्रशिक्षित, व्यावसायिक लोक होते. तरीही रक्ताभिसरण थांबलेले असताना जवळजवळ निम्मा वेळ छातीवर दाबच पडत नव्हता, आणि बहुतेक दाब हवे त्यापेक्षा उथळ होते. वर्षानुवर्षे शिकवलेले, परीक्षा पास झालेले हात प्रत्यक्षात कमी पडत होते. पुढे डमीवरच्या अभ्यासांत असेही आढळले, की दाब चार सेंटिमीटर गेला की पाच, हे अनुभवी प्रशिक्षकालाही नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. गिरणीतल्या तक्त्याची ती दुसरी अट इतकी वर्षे का राहिली, याचे उत्तर इथे मिळते. शिक्षक आळशी नव्हते. त्यांच्याकडे मोजायला काही नव्हते.

आता आहे. नव्या डमींमध्ये छातीखाली संवेदक असतात. विद्यार्थी गुडघ्यांवर बसतो, तळव्याचा मनगटाकडचा भाग छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवतो, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. दाबायला लागला की समोरच्या मोबाइलवर किंवा डमीच्याच अंगावरच्या दिव्यांत चार गोष्टी दिसतात. दाब किती खोल गेला : पाच सेंटिमीटरपेक्षा कमी नको, सहापेक्षा जास्त नको. वेग किती : मिनिटाला १०० ते १२०. दाब सोडल्यावर छाती पूर्ण वर आली का. आणि हात बरोबर जागी आहे का. श्वास दिला तर हवा कमी गेली की जास्त, तेही दिसते. सुमारे अर्धा लिटर पुरते, जोरात फुंकल्यास हवा पोटात जाते आणि उलटी होते.

पहिल्या अर्ध्या मिनिटात बहुतेक सगळे जण ठीक असतात. मग काय होते ते पाहण्यासारखे असते. घाबरलेला माणूस वेग वाढवतो. दिवा हिरव्याचा नारिंगी होतो. दमलेला माणूस कोपर वाकवतो. खोलीचा पट्टा पाचवरून चारवर येतो आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. सगळ्यात जास्त चुकते ते सोडणे. दमल्यावर माणूस छातीवर रेलून राहतो, छाती पुरती वर येत नाही, आणि हृदयात परत रक्त भरायला जागाच उरत नाही. मल्लखांबाच्या वस्तादाने पोराच्या घोट्याला हात लावून ‘इथे’ म्हणावे, तसे हे यंत्र नेमक्या जागी बोट ठेवते. ओरडून सांगितलेल्या दहा सूचनांपेक्षा ते एक बोट जास्त शिकवते.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने ३१ जानेवारी २०१९ पासून प्रौढांच्या सीपीआरच्या आपल्या सर्व अभ्यासक्रमांत अशा प्रतिसाद देणाऱ्या साधनांची सक्ती केली. मुंबईतल्या ज्या रुग्णालयांत आणि संस्थांत त्यांचे वर्ग चालतात, तिथे त्यामुळे ही साधने आली. म्हणजे भूलतज्ज्ञ, परिचारिका, निवासी डॉक्टर यांचे हात मोजले जाऊ लागले. ज्यांच्यासमोर माणूस पाण्यातून बाहेर येतो आणि ज्यांच्या शेजारी तो लोकलच्या जिन्यावर कोसळतो, त्यांच्यापर्यंत हे पोहोचायला हवे.

या साधनांबद्दल भाबडेपणा मात्र नको. उत्तर अमेरिकेत प्रत्यक्ष रुग्णांवर यंत्राचा प्रतिसाद देऊन पाहिलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दाबांचा दर्जा सुधारला, पण हृदय पुन्हा सुरू होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. साधन शिकवते, जीव वाचवण्याची हमी देत नाही. त्याचा खरा उपयोग सरावात आहे. आणि सराव पुन्हा पुन्हा लागतो. शिकलेले कौशल्य काही महिन्यांतच ओसरू लागते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. वर्षातून एकदा, गणपतीच्या आदल्या आठवड्यात घेतलेला वर्ग पुरेसा नाही.

चौपाटीला तर या साधनांकडून वेगळ्याच अपेक्षा आहेत. मऊ पृष्ठभागावर, उदाहरणार्थ गादीवर, छातीवर ठेवायची काही उपकरणे फसतात. छातीबरोबर खालची गादी जेवढी दबते तेवढीही ती खोलीत मोजतात आणि दाब पुरेसा झाल्याचा खोटा दिलासा देतात. त्यामुळे सैल वाळूवर दाब देण्याचा सराव वाळूवरच, छातीची हालचाल आतून मोजणाऱ्या डमीवर व्हायला हवा. दुसरे म्हणजे आवाज. विसर्जनाच्या रात्री ढोल-ताशांच्या दणक्यात यंत्राची सूचना तर सोडाच, शेजाऱ्याने मोजलेला आकडाही ऐकू येत नाही. तिथे दिव्याने किंवा हाताला कळणाऱ्या टिचकीने सांगणारे साधनच कामाचे. तिसरे म्हणजे दमणूक. स्पेनमधल्या संशोधकांनी जीवरक्षकांना आधी पाण्यातून सोडवणूक करायला लावून मग लगेच डमीवर सीपीआर करायला लावले, तेव्हा दर्जा घसरलेला दिसला. वातानुकूलित खोलीत, चहा पिऊन घेतलेली परीक्षा जीवरक्षकाची परीक्षा नव्हे. महात्मा गांधी तलावात दोन फेऱ्या मारून, ओल्या अंगाने, धापा टाकत डमीसमोर बसल्यावर पट्टा कुठे राहतो, ते मोजायला हवे. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा नियम का आहे, हे त्या पट्ट्यावर आपोआप समजेल.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिथे सध्या घोळ होण्याची भीती आहे. भारतीय भूलतज्ज्ञ संघटनेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या भारतीय पुनरुज्जीवन परिषदेने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी ‘कोल्स’ ही पद्धत मांडली. श्वास न देता फक्त छाती दाबा, एवढेच तीत सांगितले आहे. मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्यांत परळच्या टाटा मेमोरियलचे डॉ. जिगीषु दिवातियाही होते. रस्त्यावर हृदयविकाराने कोसळलेल्या माणसासाठी ही पद्धत अगदी योग्य आहे. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायला लोक कचरतात आणि त्या कचरण्यात काहीच होत नाही. त्यापेक्षा नुसता दाब कितीतरी चांगला. पण बुडालेल्या माणसाचे हृदय प्राणवायू संपल्यामुळे थांबलेले असते. त्याच्या रक्तात फिरवायला प्राणवायूच उरलेला नसतो. म्हणून त्याला श्वास लागतो आणि तो आधी लागतो. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांत बुडालेल्याला सुरुवातीला पाच श्वास द्यायला सांगितले आहे. रस्त्यावरच्या माणसाला एक शिकवण आणि वाळूवरच्या जीवरक्षकाला दुसरी, असा फरक प्रशिक्षणात स्पष्ट ठेवावाच लागेल. ज्या डमीत श्वासाचे माप दिसते, तीच चौपाटीसाठी घ्यायला हवी. फक्त दाब मोजणारी स्वस्त डमी मंडळाच्या मंडपात चालेल, किनाऱ्यावर नाही.

बघ्यांचा प्रश्न किनाऱ्यापुरता नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. केईएम तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि जखमींना तिकडेच नेले. पण जिन्यावरच्या पहिल्या मिनिटांत तिथे होते ते फक्त बाजूचे प्रवासी. मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा ससेमिरा लागेल ही भीती पूर्वी खरी होती. रस्ते अपघातांत मदत करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि पुढे २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले. भीती कमी व्हायला तेवढा आधार आहे. आता उरले आहे ते हातांचे शिक्षण.

६ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या वतीने देशभर एकाच दिवशी सीपीआरचे जनजागरण झाले. वीस लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला. त्याच दिवशी, दर वर्षीप्रमाणे, दादरच्या चैत्यभूमीवर महापरिनिर्वाण दिनाला लाखो माणसे आलेली होती, समुद्राला लागून, रात्रभराचा प्रवास करून, त्यात म्हातारी माणसे कितीतरी. अशा गर्दीत सेवा देणारे समता सैनिक दलाचे स्वयंसेवक, पाणी वाटणारे विद्यार्थी, शिवाजी पार्कवर वैद्यकीय केंद्र चालवणारे डॉक्टर यांच्यापेक्षा सीपीआर शिकायला योग्य माणसे दुसरी कोण असतील? पडद्यावर पाहून वीस लाख लोकांना माहिती मिळाली, हे चांगलेच झाले. पण माहिती हे तक्त्याचे काम आहे, आणि तक्ता आपल्याकडे १९५६ पासून आहे.

यासाठी फार मोठी यंत्रणा उभारावी लागत नाही. महापालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयात प्रतिसाद देणाऱ्या दोन-चार डमी असाव्यात आणि त्या मंडळे, गोविंदा पथके, शाळा, तलाव यांना आळीपाळीने मिळाव्यात. अग्निशमन दलाने जीवरक्षकांचे माप तीन महिन्यांनी एकदा घ्यावे, वाळूवर आणि पोहून आल्यावर घ्यावे, आणि तो आकडा त्यांच्या नोंदीत ठेवावा. केईएम आणि नायर रुग्णालयांच्या भूलशास्त्र विभागांचे विद्यार्थी शिकवायला मिळू शकतात. गणेशोत्सव मंडळे ध्वनिवर्धक, रोषणाई, महाप्रसाद यांचा हिशेब चोख ठेवतात. रक्तदान शिबिरे, आरोग्य शिबिरे तर गिरगाव-लालबागच्या मंडळांनी वर्षानुवर्षे घेतली आहेत. त्याच परंपरेत ही तालीम सहज बसते.

तेव्हा वाचकहो, आपल्या मंडळाची यंदाच्या उत्सवाची पहिली बैठक होईल तेव्हा हा विषय पत्रिकेवर घ्यायला सांगा. विसर्जनाला पाण्यात उतरणाऱ्या आणि काठावर दोर धरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने त्याआधी निदान दोन मिनिटे मोजणाऱ्या डमीवर दाब देऊन पाहावा, आणि पट्टा हिरवा राहीपर्यंत पुन्हा द्यावा. किनाऱ्यावर किंवा फलाटावर कोणी कोसळले, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच गुडघे टेकावेत.